बर्फातली मासेमारी आणि दादाची अट

वैद्यकीय व्यवसायात तीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. रुग्णाला डॉक्टरांकडून औषध हवे असते. त्याच्या घरच्यांना मात्र पुष्कळदा एक शब्द हवा असतो, आणि तो म्हणजे 'नको'. "डॉक्टर, यांना पहाटे फिरायला जाऊ नका म्हणून सांगा." "आईंना आता वारी नको. आमचं त्या ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील." अशी विनंती घेऊन कोणी आले नाही, असा आठवडा जात नाही. हा शब्द उच्चारायला अर्धे मिनिटही लागत नाही आणि डॉक्टरच्या अंगावर काही येत नाही. परंतु त्या एका शब्दाने माणसाच्या आयुष्यातून काय वजा होते, याचा हिशेब कुठल्याही केसपेपरवर लिहिलेला नसतो.

गेल्या जानेवारीत हीच विनंती घेऊन माझ्यापुढे माझी भाची उभी राहिली. स्थळ होते अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातले डेन्व्हर शहर आणि रुग्ण होता माझा सख्खा थोरला भाऊ. दादाचे वय सहासष्ट. पंधरा महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. त्याआधी वर्षभर वहिनी गेलेल्या. घरात तो एकटा. भाची त्याच गावात, वीस मिनिटांच्या अंतरावर. एरवी सारे सुरळीत चालले होते, पण भर हिवाळ्यात, पारा शून्याच्या खाली दहा-बारा अंश गेलेला असताना, हा गृहस्थ नदीत उभा राहून ट्राउट मासे पकडायला जात असे.

"आत्या, मी सांगून थकले. तू डॉक्टर आहेस, तू नको म्हणालीस तर बाबा ऐकेल," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. एका वर्षात आईला गमावून पुढच्या वर्षी वडिलांना अतिदक्षता विभागात पाहिलेल्या मुलीची ती भीती होती. तिला वेडी काळजी म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

मी दादाला काहीच बोलले नाही. एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी मला घेऊन चल."

दादाचा मासेमारीचा नाद जुना. कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ आमचे बालपण गेले. बांबूची काठी, तंगूस, गळाला टोचलेले गांडूळ आणि उन्हात तासन्‌तास बसलेला दादा हे चित्र मला आजही स्पष्ट दिसते. तिकडे गेल्यावर नोकरी आणि संसार यांत तो नाद मागे पडला होता. वहिनी गेल्यानंतर तो परत आला, आणि परत आला तो थेट बर्फात.

डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला दीडेक तासाच्या अंतरावर डेकर्स नावाची अगदी लहान वस्ती आहे. तिथून साउथ प्लॅट नदी वाहते. वाटेतल्या काही डोंगरउतारांवर २००२ सालच्या हेमन वणव्याच्या खुणा अजून आहेत. जळून उभे राहिलेले काळे बुंधे आणि त्यांच्यामधला पांढराशुभ्र बर्फ. काठावर गोठलेल्या पाण्याची कडा, आणि तरीही मधून नदी खळाळत वाहत होती. गाडीतला तापमापक उणे अकरा दाखवत होता. नदी गोठली कशी नाही, हा माझा पहिला प्रश्न होता.

उत्तर धरणात होते. वरच्या अंगाला १९०५ साली पूर्ण झालेले चीझमन धरण आहे. पाण्याचा एक गुण आपण शाळेत शिकलेलो असतो: ते ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे हिवाळ्यात जलाशयाच्या पृष्ठावर बर्फ धरला, तरी तळाशी चार अंशांच्या आसपासचे पाणी टिकून राहते. धरणातून खोलवरचे पाणी सोडले की खालची काही मैल नदी भर थंडीतही वाहती राहते. उणे अकराच्या हवेत उभ्या असलेल्या माणसाला ते चार अंशांचे पाणी हाताला चक्क कोमट भासते! या भासाबद्दल पुढे बोलायचे आहे.

ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या ओढ्यांत तो आहे. ब्रिटिशांनी तो तिथे आणून सोडला. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो त्याच्या प्रजननाचा काळ. कोलोरॅडोत परवाना असला, की साधारणतः वर्षभर मासेमारी करता येते. मात्र जाणते लोक नदीतल्या खडीकडे पाहून पाय टाकतात. ब्राउन ट्राउटची मादी शरद ऋतूत खडी उकरून त्यात अंडी घालते आणि ती अंडी हिवाळाभर तिथेच असतात. दादाने मला असा एक स्वच्छ धुतल्यासारखा दिसणारा खडीचा पट्टा दाखवला आणि त्याला मोठा वळसा घालून तो पुढे गेला.

हिवाळ्यातल्या ट्राउटचे वागणे डॉक्टरने पाहण्यासारखे असते. माशाचे रक्त पाण्याइतकेच थंड. पाणी थंड झाले, की त्याच्या शरीरातली सारी कामे मंदावतात, पचनही. अशा वेळी तो वेगवान प्रवाह सोडून खोल, संथ जागी तळाशी जाऊन थांबतो. खाण्यासाठी धावत नाही. धावण्यात जेवढे खर्च होईल तेवढे त्या घासातून मिळणार नाही, हे त्याच्या शरीराला ठाऊक असते. प्रवाहाने तोंडाशी आणून दिले तर घ्यायचे, नाहीतर स्वस्थ राहायचे. म्हणून दादाच्या गळावर गांडूळ नव्हते. चिलटाच्या अळीसारखी दिसणारी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशी दोऱ्याची कृत्रिम माशी होती. थंडीत नदीत मिळते ते एवढेच. ती अळी प्रवाहाच्या वेगानेच तळालगत वाहत माशाच्या तोंडासमोरून जायला हवी. हातभर बाजूने गेली तरी तो हलत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते, पण दादा अकरापर्यंत गाडीतून उतरला नाही. "आत्ता मासाही झोपलेला आणि मीही गारठणार. दुपारी ऊन पडल्यावर पाणी अर्धा-एक अंश तापतं, तेव्हा तो तोंड उघडतो. अकरा ते तीन, बस्स," तो म्हणाला. थर्मासमधला चहा पिताना मी त्याच्या पोशाखाची तपासणी केली. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड लोकर, वर वारा अडवणारे जाकीट, कानटोपी, आणि पायांपासून छातीपर्यंत येणारा पाणी न शिरणारा 'वेडर'. त्यावर कमरेला घट्ट पट्टा होता. पाय घसरून पडलेच तर वेडरमध्ये पाणी भरू नये म्हणून तो आवश्यक असतो. सुती कपडा एकही नव्हता. सुती कापड घाम आणि पाणी धरून ठेवते आणि ओले झाल्यावर अंगातली उष्णता खेचून घेते. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब राखते. मोज्यांच्या दोन जोड्या असतील असे मला वाटले होते, पण एकच जाड जोडी होती. "बूट आवळला की पाय जास्त गार पडतो," तो म्हणाला. मला हे शास्त्र नवे नव्हते. आवळलेल्या बुटात रक्तप्रवाह कमी होतो आणि पायाला ऊब पोचवणारे रक्तच असते. पण डॉक्टर नसलेल्या माणसाने ते इतक्या नेमकेपणाने सांगावे, याचे मला कौतुक वाटले.

थंडीत शरीर काय करते, ते येथे थोडक्यात सांगते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त आतल्या महत्त्वाच्या अवयवांकडे वळते. याने उष्णता वाचते, पण रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला एरवी न होणारी छातीतली कळ थंडीत थोड्या श्रमानेही येऊ शकते. आत वाढलेले रक्त पाहून मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात, आणि तहान मात्र लागत नाही. म्हणजे उन्हाळ्याप्रमाणे हिवाळ्यातही शरीरातले पाणी कमी होऊ शकते. दादा रक्तदाबासाठी व हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध घेतो. त्या औषधाने काहींचे हातपाय अधिक गार पडतात. रक्त पातळ ठेवणारे औषधही चालू, त्यामुळे गळ बोटात रुतला तर रक्त थांबायला वेळ लागणार. हे सारे माझ्या मनाच्या 'नको' या रकान्यात जमा होत होते.

त्यात पाण्याची भर. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने नेते. म्हणून ते चार अंशांचे 'कोमट' पाणी खरा धोका असतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसाविषयी एक सोपे सूत्र लोकप्रिय केले आहे: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास. पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही. तेवढ्यात तोंड पाण्याबाहेर ठेवणे हेच काम. पुढची दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे असतात, त्यात बाहेर पडायचे. बेशुद्धी यायला साधारण तास लागतो. दुबळ्या हृदयाच्या माणसाला खरी भीती त्या पहिल्या मिनिटाची असते.

दादा पाण्यात गुडघ्याच्या वर गेला नाही. हातात आधाराची काठी होती. बर्फाच्या कडेवर त्याने पाय ठेवला नाही. खालून पाण्याने पोखरलेली ती कडा केव्हाही तुटते. दर काही मिनिटांनी गळाच्या काठीच्या कड्यांत बर्फ धरे आणि तंगूस अडके. मग तो काठीचे टोक पाण्यात बुडवून ते वितळवी. तासाभरात एक मासा लागला. हातभर लांबीचा, पिवळसर पाठीवर काळे-तांबडे ठिपके असलेला ब्राउन ट्राउट. दादाने मोजा काढून हात ओला केला, जाळे पाण्यातच ठेवले आणि पाण्याबाहेर न काढताच बिनकाट्याचा गळ सोडवला. शून्याखालच्या हवेत मासा वर उचलला तर त्याचे नाजूक कल्ले गोठू शकतात. मासा क्षणभर त्याच्या तळव्याशी थांबला आणि निघून गेला. दादाच्या चेहऱ्यावर जे होते ते मी दोन वर्षांत, व्हिडिओ कॉलवर किंवा प्रत्यक्षात, पाहिले नव्हते. मी ते कुठल्या रकान्यात लिहावे?

दोन वाजून गेले. ऊन कलू लागले आणि संथ पाण्यावर वर्तुळे उठू लागली. मासे वर येऊन खात होते. ज्या क्षणाची दादा सकाळपासून वाट पाहत होता, तो हाच. तळाची माशी काढून वर तरंगणारी माशी बांधायची होती. त्याने हातमोजे काढले. तंगुसाची गाठ बांधायचा पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. समोर पाण्यावर वर्तुळामागून वर्तुळ उठत होते. मी पुढे होऊन म्हणाले, "आण, मी बांधते." टाके घालणारे माझे हात; मला ते सहज जमले असते.

"नाही," दादा म्हणाला. "दोनदा गाठ बसली नाही, की घरी. हा माझा नियम आहे." त्याने काठी मिटली आणि काठाकडे वळला.

थंडीने होणारा घात अचानक येत नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले, की त्याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो. त्याआधीच बोटे बोथट होतात. त्वचा पंधरा अंशांच्या खाली गेली, की बारीक काम जमेनासे होते. मग पाय अडखळतात, बोलणे जड होते, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. हुडहुडी शरीराला वाचवत असते. ती ३२ अंशांच्या खाली थांबू लागते आणि पाहणाऱ्याला वाटते, आता बरे वाटते आहे! याच सुमारास विचारशक्ती मंदावते. काहीजण तर शेवटच्या अवस्थेत उकडते म्हणून अंगावरचे कपडे काढतात. म्हणजे धोका ओळखण्याचे साधन जो मेंदू, तोच धोका वाढेल तसा निकामी होत जातो. बधिर झालेल्या बोटाला दुखत नाही, म्हणून ते ठीक आहे असे वाटते. थंडीत 'मला काही होत नाही' या वाक्यावर रुग्णानेही विश्वास ठेवू नये आणि डॉक्टरनेही.

म्हणूनच निर्णय ऊब असताना, घरात बसून घ्यावा लागतो. दादाची गाठ ही त्याने स्वतःवर लावलेली एक तपासणी होती. ती मोजता येत होती आणि समोर मासे असतानाही त्याने ती मोडली नाही. ज्याला थांबता येते, त्याला सरसकट 'नको' म्हणण्याचे कारण मला उरले नाही.

आम्ही होतो तिथे मोबाइलला रेंज नव्हती. ती गोष्ट मात्र मी विसरले नाही. त्या रात्री जेवणानंतर आम्ही तिघे बसलो आणि मी एका कागदावर अटी लिहिल्या. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय यातली एकही अमलात आणायची नाही, ही पहिली. त्यापुढच्या अशा:

१. एकट्याने जायचे नाही. सोबतीला मदत आणू शकेल असा माणूस हवा.
२. पाणी गुडघ्याच्या वर नाही. वाऱ्याच्या किंवा हिमवृष्टीच्या दिवशी जायचेच नाही.
३. सकाळची औषधे चुकवायची नाहीत. जिभेखाली ठेवायची गोळी आतल्या खिशात, आणि ती कुठे आहे हे सोबत्याला माहीत हवे.
४. दर तासाला गाडीत येऊन गरम पेय घ्यायचे. मद्य नाही, त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता बाहेर जाते.
५. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात काही वाटले, धाप लागली, की काठी तिथेच टाकायची.
६. कपड्यांचा पूर्ण दुसरा जोड गाडीत. ओले झाले, की दिवस संपला.
७. दोनदा गाठ बसली नाही, की घरी. ही दादाची अट. ती मी तशीच ठेवली.

भाचीने कागद वाचला. तिचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. "आत्या, तू नको म्हणशील असं वाटलं होतं," एवढे बोलून ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने पेन घेऊन खाली आठवी अट लिहिली: रेंज येताच पहिला फोन मला. त्यानंतरच्या हिवाळ्यात दादा चार वेळा गेला. चारही वेळा संध्याकाळी तिचा जीव टांगणीला होता, हे तीच मला सांगते. अटींनी धोका कमी होतो, काळजी नाहीशी होत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे जण बर्फाळ नदीत उभे राहणार आहेत. परंतु निफाडला किंवा महाबळेश्वरला पारा उतरतो तेव्हा आपल्याही घरातून कोणीतरी पहाटे पाचला फिरायला बाहेर पडते, आणि त्यांचे वय, रक्तदाब आणि गोळ्या दादासारख्याच असतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. ऊन येईपर्यंत थांबावे. फिरणे सकाळी आठला केले तरी ते फिरणेच असते. बाहेर पडण्याआधी घरात पाच-दहा मिनिटे हातपाय हलवून अंग तापवावे. नाकातोंडावरून मफलर घ्यावा, म्हणजे श्वासाची हवा थोडी गरम होऊन आत जाते. हिवाळ्यात रक्तदाब एकदा तपासून घ्यावा. तो वाढलेला आढळला, तर औषधाची मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, शेजाऱ्यांनी नव्हे. हिमालयात सहलीला गेल्यावर बोटे पांढरी, बधिर पडली तर ती चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यचिकित्सक लारे यांच्यामुळे रूढ झालेली ती समजूत पुढे दीडशे वर्षे टिकली. तिने बोटांना इजाच होते. उबदार जागी जाऊन, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटे बुडवावी आणि डॉक्टर गाठावे. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मध्येच वितळवू नये.

ज्यांना विश्रांतीतही छातीत कळ येते, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे हृदय निकामी होत चालले आहे, त्यांच्यासाठी उत्तर आजही 'नको' असेच आहे, आणि ते मी ठामपणे देते. इतरांच्या बाबतीत मी आता नातेवाइकांना आधी एक प्रश्न विचारते: यांना थांबता येते का, आणि कुठे थांबायचे हे यांनी आधी ठरवले आहे का? उत्तर होकारार्थी असले, तर आम्ही खुर्ची पुढे ओढून अटी लिहायला बसतो. यात अर्ध्या मिनिटाऐवजी अर्धा तास जातो. बाहेर रांग असते, कंपाउंडर दोनदा डोकावून जातो. तरी तो अर्धा तास मला द्यावासा वाटतो.